प्रोबवरचा न दिसणारा थर

आयनांबरात, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरात, इलेक्ट्रॉनांचं तापमान साधारण 1,000 ते 3,000 केल्व्हिन असतं. इतक्या विरळ जागी थर्मामीटर निरुपयोगी. म्हणून उपग्रहाबाहेर दांडीच्या टोकाला धातूचा छोटा गोल किंवा दंडगोल बसवतात, त्याचं व्होल्टेज ऋणाकडून धनाकडे चढवत नेतात आणि त्यात येणारा विद्युतप्रवाह नोंदवतात. हा लँगम्युर प्रोब. इलेक्ट्रॉन थंड असले की प्रवाह झपाट्याने वाढतो, तप्त असले की सावकाश.

ही मोजणी किती नाजूक आहे बघा. 1,160 केल्व्हिनला इलेक्ट्रॉनांची औष्णिक ऊर्जा जेमतेम 0.1 इलेक्ट्रॉनव्होल्ट भरते (एक व्होल्टचा फरक ओलांडताना इलेक्ट्रॉनला मिळते तेवढी ऊर्जा म्हणजे एक इलेक्ट्रॉनव्होल्ट). म्हणजे सगळा हिशेब व्होल्टच्या दहाव्या हिश्शातला, आणि तिथेच घाण आडवी येते. जमिनीवर असतानाच प्रोबच्या पृष्ठभागाला पाण्याचे रेणू चिकटतात. वर गेल्यावर उपग्रहाच्याच रंगातून, गोंदातून, प्लास्टिकमधून वाफा सुटत राहतात. यांचा थर डोळ्यांना दिसणारही नाही, पण तो विजेला अडवतो आणि कपॅसिटरसारखा विद्युतभार साठवतो. दिलेल्या व्होल्टेजचा काही भाग थरातच खर्ची पडतो, आलेख पसरट होतो आणि तापमान खऱ्यापेक्षा जास्त निघतं. 1960-70 च्या दशकांत उपग्रहांवरचे प्रोब जमिनीवरून आयनांबराचं तापमान मोजणाऱ्या रडारपेक्षा चढं तापमान दाखवत, त्यामागचं एक कारण हेच. मला यात सर्वांत घातक वाटतो तो आकड्याचा साळसूदपणा: चुकीचं तापमानही अगदी शक्य कोटीतलं दिसतं.

चोरी पकडायची युक्ती मात्र सोपी आहे. व्होल्टेज चढवताना एक आलेख घ्यायचा, उतरवताना दुसरा. प्रोब स्वच्छ असेल तर दोन्ही एकमेकांवर बसतात. मळका असेल तर मधे फट पडते, कारण थरात साठलेला भार परतीच्या वाटेवरही तिथेच असतो. ही जोडी न दाखवता नुसतं तापमान सांगणाऱ्या मोजणीवर मी तरी चटकन विश्वास ठेवणार नाही.

गंमत म्हणजे ज्यांचं नाव या प्रोबला आहे त्या अर्विंग लँगम्युर यांना 1932 चं नोबेल मिळालं ते पृष्ठभागांच्या रसायनशास्त्रासाठी!

उपाय बरेच आहेत. प्रोब तापवून रेणू उडवून लावायचे. निर्वात काचेच्या नळीत सीलबंद ठेवून ती वर गेल्यावरच फोडायची. किंवा व्होल्टेज इतक्या वेगाने फिरवायचं की थराला भार साठवायला फुरसतच मिळू नये. मुलामाही विचारपूर्वक निवडावा लागतो, कारण खालच्या कक्षांमधला अणुरूप ऑक्सिजन कित्येक धातूंना गंजवतो. म्हणून सोनं किंवा टायटॅनियम नायट्राइड वापरतात. पण वाफा मोहीमभर सुटतच राहतात, त्यामुळे आज स्वच्छ ठरलेला प्रोब काही महिन्यांनी पुन्हा चढत्या-उतरत्या चाचणीतून काढावाच लागतो.