गणित-अध्ययनाचे मेंदूविज्ञान

संख्या ओळखणे, आकडेमोड करणे, चिन्हांचा अर्थ लावणे आणि गणिती विधानांविषयी तर्क करणे ही कौशल्ये माणूस आत्मसात करतो, तेव्हा त्याच्या मेंदूत कोणते बदल घडतात याचा अभ्यास. चेताविज्ञान, मानसशास्त्र आणि शिक्षणशास्त्र यांच्या सीमेवर हा विषय वाढला. मेंदूत गणिताचे एकच केंद्र असते ही कल्पना आता मागे पडली आहे. मूळ इतर कामांसाठी असलेली मेंदूतील जाळी शिक्षणाने नव्या कामाला जुंपली जातात, असे बहुतेक संशोधक मानतात.

पूर्वेतिहास : या अभ्यासाचा आरंभ कोठून धरावा याविषयी मतभेद आहेत. कवटीच्या ठेवणीवरून मनोगुण ओळखू पाहणाऱ्या फ्रान्त्स योझेफ गालने एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी मेंदूत संख्येसाठी स्वतंत्र जागा कल्पिली होती. परंतु या कल्पनेला निरीक्षणाचा आधार नसल्याने तेथून आरंभ धरणे योग्य वाटत नाही. मेंदूला इजा झाल्यानंतर गणनक्षमता बिघडलेल्या रुग्णाचे लेवान्डोव्स्की आणि श्टाडेलमान यांनी १९०८ मध्ये केलेले वर्णन हा अधिक भक्कम प्रारंभबिंदू होय. अशा विकाराला ‘अकॅल्क्युलिया’ हे नाव स्वीडिश चेतातज्ज्ञ सालोमोन हेन्शेन याने दिले. या संज्ञेचे वर्ष काही ग्रंथांत १९१९, तर काहींत १९२५ असे आढळते. हेन्शेनने रुग्णांच्या अनेक नोंदी तपासून गणनदोष हा वाचादोषाहून वेगळा असू शकतो असे दाखवले, हे येथे अधिक महत्त्वाचे आहे.

व्हिएन्नातील योझेफ गेर्स्टमान याने १९२४ मध्ये स्वतःची बोटे ओळखू न शकणाऱ्या रुग्णाचे वर्णन केले. पुढे त्याने बोटे न ओळखणे, डाव्या-उजव्यातील गोंधळ, लेखनदोष आणि गणनदोष ही चार लक्षणे एका समूहात बांधली आणि त्यांचे मूळ डाव्या पार्श्विका खंडाच्या (मेंदूच्या वरच्या-मागच्या भागाच्या) खालच्या भागातील अँग्युलर गायरस या वळीमध्ये असल्याचे मानले. बोटांवर मोजण्याची सवय आणि संख्याज्ञान यांचे नाते मेंदूतच रुजलेले आहे, असा निष्कर्ष यावरून अनेकांनी काढला. आर्थर बेंटन याने १९६१ मध्ये या समूहाच्या अस्तित्वावरच आक्षेप घेतला. ही चार लक्षणे इतर लक्षणांच्या तुलनेत एकमेकांशी अधिक निगडित नसतात, असे त्याचे म्हणणे होते. ही चार कामे वेगवेगळ्या जाळ्यांकडे असून त्यांचे चेतातंतू मेंदूच्या श्वेत द्रव्यात एका ठिकाणी शेजारून जातात आणि तेथे इजा झाल्यास ती सर्व एकाच वेळी बिघडतात, हे २००९ मधील स्पष्टीकरण दोन्ही बाजूंची निरीक्षणे सामावून घेत असल्याने अधिक ग्राह्य वाटते.

एकेका रुग्णाच्या बारकाईने केलेल्या परीक्षणातून मिळालेला पुरावा आजही मोलाचा आहे. १९९१ मध्ये वर्णिलेली एक इटालियन स्त्री आजारापूर्वी हॉटेलचा हिशेब सांभाळत असे. मेंदूच्या डाव्या बाजूच्या आघातानंतर तिचे बोलणे आणि सर्वसाधारण स्मृती बऱ्याच अंशी शाबूत राहिली. मात्र चारच्या पुढील संख्या तिच्या आकलनातून गेल्या. मोजताना ती चारवर थांबे आणि त्यापुढची संख्या तिला सांगता येत नसे.

मेंदूचे प्रतिमांकन : निरोगी माणसाचा मेंदू हिशेब करताना पाहण्याची सोय मेंदूतील रक्तप्रवाह मोजणाऱ्या तंत्रांमुळे झाली. रोलांड आणि फ्रीबर्ग यांनी १९८५ मध्ये स्वयंसेवकांना ५० मधून ३ सतत वजा करत जाण्यास सांगितले, तेव्हा ललाटखंडातील (कपाळामागील भागातील) काही भागांसह अँग्युलर गायरसकडील रक्तप्रवाह वाढलेला दिसला. पुढे कार्यात्मक एमआरआयने (रक्तप्रवाहातील बदलांवरून मेंदूचे सक्रिय भाग दाखवणाऱ्या चुंबकीय प्रतिमांकनाने) पार्श्विका खंडाला वरच्या व खालच्या भागांत विभागणाऱ्या इंट्रापरायटल सल्कस या खाचेकडे लक्ष वेधले. संख्या अंकांत लिहिलेली असो, शब्दांत ऐकलेली असो किंवा ठिपक्यांच्या रूपात असो, तिचा विचार करताना ही खाच सक्रिय होते. जन्मांध व्यक्तींतही ती गणनात भाग घेते, असे २०१६ मध्ये दिसून आले. स्तानिस्लास देआन आणि लोराँ कोएन या फ्रेंच संशोधकांच्या प्रारूपानुसार मेंदू संख्येची तीन रूपे बाळगतो : लिहिलेल्या अंकाचे दृश्यरूप, उच्चारलेले शब्दरूप आणि परिमाणाचे रूप. पाढे मुख्यतः शब्दरूपात साठतात, तर दोन संख्यांची तुलना परिमाणरूपावर अवलंबून असते. त्यामुळेच एखाद्या रुग्णाचे पाढे जातात पण वजाबाकी टिकते, तर दुसऱ्याचे नेमके उलट होते.

संख्याबोधाच्या उगमाचा वाद : या क्षेत्रातील सर्वांत दीर्घ वाद हाच आहे. कॅरन विन हिने १९९२ मध्ये पाच महिन्यांच्या अर्भकांना पडद्यामागे एक बाहुली, मग आणखी एक बाहुली ठेवताना दाखवले. पडदा हटल्यावर एकच बाहुली दिसली, तर अर्भके तिच्याकडे अधिक वेळ पाहत, म्हणजे दोन बाहुल्यांची त्यांची अपेक्षा चुकली असावी. २००० मध्ये शू आणि स्पेल्के यांना सहा महिन्यांच्या अर्भकांना ८ आणि १६ ठिपक्यांतील फरक कळतो, ८ आणि १२ मधील कळत नाही, असे आढळले. माकडांच्या मेंदूत विशिष्ट संख्येला सर्वाधिक प्रतिसाद देणाऱ्या चेतापेशी आन्द्रेयास नीडर व सहकाऱ्यांनी २००२ मध्ये नोंदवल्या, आणि २०१८ मध्ये अशा पेशी माणसाच्या शंखखंडाच्या (कानशिलाजवळील भागाच्या) आतील बाजूसही सापडल्या. मोजणीचे शब्द मोजकेच असलेल्या ॲमेझॉनमधील मुंडुरुकू लोकांच्या २००४ मधील अभ्यासात मोठ्या समूहांची अंदाजे तुलना त्यांना चांगली जमली, पण नेमकी वजाबाकी जमली नाही. या पुराव्यांवरून देआनप्रभृती संख्याबोध उत्क्रांतीने मिळालेला मानतात. ठिपके वाढले की त्यांनी व्यापलेले क्षेत्रही बहुधा वाढते, तेव्हा अर्भकाला संख्या कळते की आकारमान, असा आक्षेप विरोधक घेतात. तर राफाएल नून्येस संख्या ही संस्कृतीची निर्मिती असून जन्मजात असते ती केवळ समूहांतील फरक जाणण्याची शक्ती, असे म्हणतो. अंदाजाची शक्ती जन्मजात आणि नेमकी संख्या शिकलेली, ही मधली भूमिका पुराव्याशी अधिक जुळते. शिक्षणाच्या दृष्टीनेही तिचे महत्त्व मोठे आहे, कारण शालेय गणितातील यशाचा संबंध ठिपक्यांच्या तुलनेपेक्षा अंकांच्या तुलनेशी काहीसा अधिक घट्ट असल्याचे अनेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणांत दिसते.

शिकताना होणारे बदल : ७ + ५ हे गणित पहिल्यांदा करणारे मूल सातापासून पुढे आठ, नऊ असे बोटांवर मोजत बारापर्यंत पोहोचते. किती बोटे झाली, कोठे थांबायचे, हे सर्व त्याला एकाच वेळी ध्यानात ठेवावे लागते, आणि हा भार मुख्यतः ललाटखंड उचलतो. ८ ते १९ वर्षे वयोगटावरील २००५ च्या अभ्यासात वय वाढत जाते तसा साध्या बेरीज-वजाबाकीत ललाटखंडाचा सहभाग घटून डाव्या पार्श्विका खंडाचा वाढतो असे आढळले. विनोद मेनन यांच्या गटाने ७ ते ९ वर्षांच्या मुलांचे सुमारे वर्षभराच्या अंतराने निरीक्षण केले. मोजण्याऐवजी उत्तर आठवण्याकडे मुले वळत असताना हिप्पोकॅम्पस या स्मृतीच्या भागाचा सहभाग वाढला. मात्र किशोरांत व प्रौढांत तो कमी दिसला. याचा अर्थ, हिप्पोकॅम्पस ही पाठांतराची कायमची कोठी नसून माहिती पक्की होईपर्यंतचा टप्पा असावा. प्रौढांनी अवघड गुणाकारांचा सुमारे आठवडाभर सराव केल्यावर सक्रियता इंट्रापरायटल सल्कसकडून डाव्या अँग्युलर गायरसकडे सरकते, असे २००३ मध्ये दिसले. या भागाच्या सक्रियतेचा अर्थ ‘उत्तर आठवणे’ असा लावणे मात्र घाईचे ठरेल. एखादा भाग सक्रिय दिसला एवढ्यावरून मनात कोणती क्रिया चालू आहे हे ठरवता येत नाही.

प्रगत गणितावरील संशोधन तुलनेने थोडे आहे. व्यावसायिक गणितज्ञांवरील २०१६ च्या अभ्यासात बीजगणित, भूमिती इत्यादींतील विधाने पारखताना भाषेची क्षेत्रे नव्हे, तर संख्येशी निगडित असलेलीच जाळी कामाला लागली.

अध्ययन-अडचणी आणि भीती : बुद्धिमत्ता आणि शिकवणी पुरेशी असूनही संख्या हाताळणे जड जाण्याच्या विकासात्मक डिसकॅल्क्युलियाची व्याख्या लादिस्लाव कोश्च याने १९७० च्या दशकात रूढ केली. तिचे प्रमाण बहुधा ३ ते ७ टक्के सांगितले जाते, पण ते निकषांनुसार बदलते. अशा मुलांत इंट्रापरायटल सल्कसची सक्रियता वेगळी आढळते. २०१५ मधील अभ्यासात आठ आठवड्यांच्या वैयक्तिक शिकवणीनंतर गणितात मागे पडलेल्या मुलांच्या मेंदूतील सक्रियता इतर मुलांसारखी झाली. ‘मेंदूच तसा आहे’ म्हणून प्रयत्न सोडून देणाऱ्यांनी ही गोष्ट अवश्य ध्यानात घ्यावी. गणिताची भीती बाळगणाऱ्या ७ ते ९ वर्षांच्या मुलांत अमिग्डाला हा भयाशी संबंधित भाग अधिक सक्रिय असतो आणि आकडेमोडीला लागणारे भाग कमी सक्रिय असतात. वैयक्तिक शिकवणीने ही भीतीही उतरल्याचे आढळले आहे. तीन ते दहा वर्षांच्या १०४ मुलामुलींच्या २०१९ मधील अभ्यासात गणित हाताळणाऱ्या मेंदूच्या कार्यात लिंगभेद दिसला नाही.

शिक्षणातील उपयोग : मेंदूविज्ञानातून थेट वर्गातील अध्यापनाकडे उडी घेणे शक्य नाही, मधला पूल मानसशास्त्राने बांधावा लागतो, असे जॉन ब्रूअर याने १९९७ मध्ये बजावले. ‘डाव्या मेंदूचे’ आणि ‘उजव्या मेंदूचे’ विद्यार्थी अशी विभागणी निराधार आहे. आकडेमोडीत दोन्ही गोलार्धांचा सहभाग असतो. बहुतेक प्रयोग यंत्रात निश्चल पडून एकट्याने सोडवलेल्या छोट्या उदाहरणांवर आधारलेले असल्याने त्यांचे निष्कर्ष चर्चा, चुका आणि दुरुस्त्या यांनी भरलेल्या वर्गाला जसेच्या तसे लागू होत नाहीत.