खत घातलं की गवत वाढतं, पण कोणतं?

लंडनच्या उत्तरेला हार्पेन्डन गावात रोथामस्टेड संशोधन केंद्राचं एक जुनं कुरण आहे. १८५६ साली जॉन बेनेट लॉज आणि जोसेफ हेन्री गिल्बर्ट यांनी त्याचे पट्टे पाडून प्रत्येकाला वेगळं खत द्यायला सुरुवात केली. लॉज हे सुपर फॉस्फेट या खताचे कारखानदार, त्यामुळे प्रश्नही रोकडा होता: कोणत्या खतानं वैरण जास्त निघते? बी कुणीच पेरलं नव्हतं. तरी दोन-तीन वर्षांत पट्टे इतके वेगळे दिसू लागले की हे मुळात एकच कुरण होतं यावर विश्वास बसू नये. प्रयोग आजही चालू आहे.

बिनखताच्या पट्ट्यात गवत फार कमी निघतं, पण तिथे चाळीसच्या आसपास वनस्पती नांदतात. नत्र (नायट्रोजन) दिलं की मोजकी उंच गवतं भराभर वाढतात आणि बाकीच्यांचा उजेड अडवतात. भारे वाढतात, जाती घटतात.

खरी गंमत अमोनियम सल्फेट या नत्रखताच्या पट्ट्यांत आहे. जमिनीतले जिवाणू अमोनियमचं नायट्रेट करतात तेव्हा आम्ल तयार होतं. आम्लपणा कमी करणारा चुना न घातलेल्या भागात सामू (पीएच) ४ च्याही खाली गेला. एवढ्या आंबट मातीत गांडुळं टिकत नाहीत, मेलेलं गवत कुजत नाही. वर्षानुवर्षं त्याचा जाड थर साचत गेला आणि त्यातून डोकं वर काढणारी दोन-तीनच गवतं उरली. तेवढंच नत्र सोडियम नायट्रेटमधून दिलेल्या पट्ट्यात असं काही झालं नाही. पोत्यावरचा नत्राचा आकडा पाहून खत घेणाऱ्यांनी हा फरक जरूर लक्षात घ्यावा.

मला मात्र सगळ्यात शहाणा वाटतो तो नत्र अजिबात न दिलेला, पण स्फुरद (फॉस्फरस), पालाश (पोटॅशियम) आणि चुना मिळालेला पट्टा. तिथे लाल क्लोव्हरसारख्या, म्हणजे आपल्याकडच्या बरसीम या चारापिकाच्या भाऊबंद असलेल्या, द्विदल वनस्पती माजतात. मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतलं नत्र बांधतात आणि उत्पन्न नत्र दिलेल्या चांगल्या पट्ट्यांच्या जवळपास जातं. शिवाय द्विदल चाऱ्यात प्रथिनं आणि कॅल्शियम जास्त. याच पट्ट्याला भरपूर नत्र दिलं तर गवतं उंचावतात आणि क्लोव्हर सावलीत मागे पडतं. फुकट मिळणारं नत्र आपणच विकतच्या नत्रानं बंद करतो!

चाऱ्याचा कस हा आणखी वेगळा हिशेब. नत्रानं कोवळ्या पानांतली प्रथिनं वाढतात हे खरं, पण कापणीला उशीर झाला की खोड जून होतं आणि तो फायदा बराचसा जातो. पालाश भरमसाट दिलं तर गवत मॅग्नेशियम कमी उचलतं. वर जनावराच्या पोटातही पालाश मॅग्नेशियमच्या शोषणाला आडवं येतं. मग मॅग्नेशियम कमी पडून गाय थरथरते, तोल जाऊन पडते.

आपल्याकडे नेपियर या चाऱ्याच्या गवताला कापणीनंतर युरिया, म्हणजे नत्रच, टाकतात, तिथे जपायचं ते नायट्रेटला. पाण्याचा ताण पडला किंवा आभाळ सतत भरून राहिलं की मुळांनी उचललेल्या नायट्रेटचं प्रथिनात रूपांतर रेंगाळतं आणि ते खोडात साचतं. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात त्याचं नायट्राइट होतं; ते रक्तात गेलं की रक्ताला ऑक्सिजन वाहता येत नाही, ते तपकिरी पडतं. नायट्रेट सर्वांत जास्त असतं बुडख्याकडे, म्हणून असा चारा थोडा वरून कापावा, उपाशी जनावरापुढे एकदम टाकू नये. मुरघास, म्हणजे हवाबंद आंबवलेला हिरवा चारा, केला तर आंबताना नायट्रेट बरंच कमी होतं.