बीजिंगच्या गोल्डआधीचा अयुमु हिरानो

२०२२ च्या बीजिंग ऑलिंपिकमधला जपानी स्नोबोर्डर अयुमु हिरानोचा हाफपाइपमधला तिसरा रन बघून थक्क व्हायला होतंच, पण आधीचं सगळं माहीत असेल तर तो रन अजून मोठा वाटतो.

हाफपाइप म्हणजे उतारावर बर्फात कोरलेला अर्धगोल पन्हाळीसारखा ट्रॅक, दोन्ही बाजूंना २२ फुटी भिंती, एका भिंतीवरून हवेत उडायचं, गिरक्या घेऊन परत त्याच भिंतीवर उतरायचं आणि समोरच्या भिंतीकडे सुटायचं. फायनलला तीन रन, म्हणजे वरून खालपर्यंतच्या तीन फेऱ्या मिळतात, त्यातला बेस्ट धरतात. ऑलिंपिकमध्ये हा प्रकार आला १९९८ ला, जपानच्याच नागानोमध्ये, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात शेजारच्या निइगातात, मुराकामीला अयुमु जन्मला. वडील तिथे स्केटपार्क चालवायचे, त्यामुळे पोरगं चौथ्या वर्षापासूनच स्केटबोर्ड आणि स्नोबोर्ड दोन्हीवर. त्याची उंच उडी तिथूनच आली असं मला ठाम वाटतं.

चौदाव्या वर्षी एक्स गेम्स या साहसी खेळांच्या मोठ्या स्पर्धेत सिल्व्हर, पंधराव्या वर्षी सोची ऑलिंपिकला सिल्व्हर. मग २०१७ च्या स्नोबोर्डिंगच्या यूएस ओपनमध्ये असा आपटला की लिव्हरला मार आणि गुडघ्याचं लिगामेंटही गेलं. तरी पुढच्या वर्षी प्योंगचांग ऑलिंपिकला उतरला, लागोपाठ दोन १४४० मारले, म्हणजे दोन्ही उड्यांत चार-चार पूर्ण गिरक्या, ९५.२५ पॉइंट घेतले, आणि शेवटच्या रनमध्ये अमेरिकेच्या शॉन व्हाइटने ९७.७५ काढून गोल्ड नेलं. परत सिल्व्हर.

त्यानंतर त्याने जे केलं ते कुणी सल्ला म्हणून दिलं नसतं, सरळ स्केटबोर्डिंगमध्ये टोकियो ऑलिंपिकची तयारी सुरू केली. २०२१ च्या ऑगस्टमध्ये तिथे चौदावा आला, फायनल हुकली, आणि बीजिंगला उरले जेमतेम सहा महिने. तेवढ्यात बर्फावर परत येऊन डिसेंबरमध्ये ट्रिपल कॉर्क १४४० स्पर्धेत लँड केला, जो आधी कुणालाच जमला नव्हता. चार गिरक्या, त्यातच शरीर तीनदा उलटंपालटं, आणि चुकलं तर खाली दगडासारखा कडक बर्फ.

बीजिंगच्या फायनलला पहिल्या रनमध्ये पडला. दुसऱ्यात ट्रिपल कॉर्कसकट सगळ्या पाच उड्या नीट उतरल्या आणि जजेसनी दिले ९१.७५! ऑस्ट्रेलियाचा स्कॉटी जेम्स ९२.५० वर पुढेच राहिला, प्रेक्षकांनी हुर्यो उडवली, कॉमेंटेटर चिडले, आणि चिडणं बरोबरच होतं, कारण एवढी अवघड रन त्या दिवशी दुसऱ्या कुणी केलीच नव्हती. अयुमु तिसऱ्या रनसाठी वर गेला आणि तेच पाच ट्रिक्स त्याच क्रमाने परत मारले, आधीपेक्षा स्वच्छ. ९६.००, गोल्ड. स्नोबोर्डिंगमधलं जपानचं हे पहिलं ऑलिंपिक गोल्ड.

दुसऱ्या रनच्या मार्कांचा राग मनात होता आणि तो नीट वापरता आला, असं त्याने नंतर सांगितलं. शिवाय खेळाडू जीव धोक्यात घालतात तर जजिंगचे निकषही स्पष्ट हवेत, हा मुद्दा गोल्ड जिंकूनसुद्धा त्याने सोडला नाही.