अभिजात कशाला म्हणायचं? नाशिकच्या वाचनगटांमागची पार्श्वभूमी

गेल्या काही वर्षांत नाशिकमध्ये कथा-कादंबऱ्या मिळून वाचणारे गट बरेच दिसायला लागलेत. कुठे गंगापूर रोडला कुणाच्या तरी हॉलमध्ये बसतात, कुठे इंदिरानगरला सोसायटीच्या क्लब हाउसमध्ये, तर कुठे नाशिकरोडला क्लासच्या रिकाम्या वर्गात. रीत साधारण सारखीच. महिन्याला एक पुस्तक, ज्याने त्याने घरी वाचून यायचं, दीड-दोन तास बोलायचं, मग चहा. बहुतेक ठिकाणी एक महिना जुनं पुस्तक आणि एक महिना नवं असा आळीपाळीचा नियम आहे. या जुन्या-नव्याच्या नियमावरून एका गटात इतकं वाजलं की गट मोडायची वेळ आली. त्याबद्दल उलटसुलट ऐकू येतं, म्हणून मागचा-पुढचा संदर्भ लिहून ठेवतो. मी त्याच गटात आहे, हे आधी सांगितलेलं बरं.

मिळून वाचणं आपल्याकडे नवं नाही. श्रावणात पोथी लागायची तेव्हा एकजण ओवी वाचायचा, दुसरा अर्थ सांगायचा आणि आळी ऐकायची. पुस्तक एक, कान पन्नास. ज्याला अक्षरओळख नाही त्यालाही अध्याय तोंडपाठ असायचा. त्या वाचनात मतभेदाला मात्र जागा नव्हती. राजाने असं का केलं, असं पोथीला कुणी विचारत नसे. आजच्या गटांचा सगळा वेळ याच प्रश्नात जातो.

शहरातलं मोठं वाचनालय 1840 सालचं. मराठीतली पहिली मानली जाणारी कादंबरी 1857 ची. म्हणजे आमच्या गावात वाचनालय आधी आलं आणि कादंबरी तब्बल सतरा वर्षांनी. कादंबरी या शब्दाचीही गंमतच आहे. बाणभट्टाच्या संस्कृत कथेतल्या नायिकेचं हे नाव, ते मराठीने अख्ख्या साहित्यप्रकाराला देऊन टाकलं. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस साप्ताहिकातून क्रमशः कादंबऱ्या यायला लागल्या. आठवड्याचा अंक घरात एकाने वाचायचा आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी बसलेल्यांनी ऐकायचा, असं वाचन त्या काळात अनेक घरांत झालं. तो काळ मी फक्त पुस्तकांतून जाणतो, त्यामुळे त्यावर जास्त बोलत नाही.

1933 चा फेब्रुवारी मात्र सोडून पुढे जाता येत नाही. नाशिकच्या तुरुंगात एका सत्याग्रही कैद्याने तेव्हा चार-पाच दिवसांत 'श्यामची आई' लिहून काढली. हे बहुतेकांना ठाऊक असतं. तिची मांडणी मात्र पटकन लक्षात येत नाही. तिच्यात प्रकरणं नाहीत, रात्री आहेत, एकूण बेचाळीस. संध्याकाळची प्रार्थना झाली की श्याम बोलायला लागतो आणि आश्रमातले मित्र ऐकतात. म्हणजे ते पुस्तकच मुळात एका गटाची बैठक आहे. ही कादंबरी, आत्मकथन की संस्कारकथा, यावर समीक्षक काय म्हणायचं ते म्हणोत. आमच्या गटात मात्र ती सगळ्यांत सोयीची ठरली आणि त्याचं कारण अगदीच व्यावहारिक आहे.

लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षांनी आपल्याकडे कॉपीराइट संपतो. साने गुरुजी 1950 मध्ये गेले, तेव्हा 2011 पासून हे पुस्तक कुणालाही छापता येतं. झालं असं की बाजारात तिच्या ढिगाने आवृत्त्या आल्या. कुणाकडे आजीची जुनी प्रत, कुणाकडे रेल्वे स्टेशनवरून घेतलेली स्वस्तातली, कुणाकडे मोबाइलवरची. एरवी बैठकीत पहिली दहा मिनिटं पान शोधण्यात जातात. "माझ्याकडे एकशेबारा." "माझ्यात तर तिथे कोरं पान आहे." या पुस्तकाच्या वेळी तसं झालं नाही. "अठराव्या रात्रीवर या," म्हटलं की सगळे अठराव्या रात्रीवर.

मधली काही दशकं मी भराभर ओलांडतो. 1967 चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा आला, ग्रंथालयांचे अ-ब-क-ड वर्ग आले, अनुदान आलं, गावोगाव पाट्या लागल्या. माणसं पुस्तक घेऊन घरी जायची आणि परत आणून द्यायची. एकत्र वाचायचं असं त्यात काही नव्हतं.

माझ्या पिढीचं खरं वाचन खासगी लायब्रऱ्यांवर पोसलं. साल साधारण 1985 ते 2000. दुकानाएवढी जागा, डिपॉझिट, महिन्याची वर्गणी, एका वेळी एक पुस्तक आणि एक मासिक. दिवाळीत अंकांची वेगळी योजना असायची आणि तिच्यात कुठला अंक कुणाकडे अडकलाय यावरून भांडणं व्हायची. पुस्तकांना खाकी कव्हर, आत तारखांचा कागद चिकटवलेला. त्या पुस्तकांच्या समासात लोक लिहायचे. एका रहस्यकथेच्या तिसऱ्याच पानावर कुणीतरी खुन्याच्या नावाखाली पेन्सिलीने दोन रेघा मारल्या होत्या. एका रडक्या कादंबरीच्या शेवटी तीन वेगवेगळ्या हस्ताक्षरांत तीन शेरे होते: "फार सुंदर", त्याखाली "काय सुंदर?", त्याखाली "बाईमाणसाला असंच मारतात पुस्तकात." कोण कुणाला ओळखत नव्हतं. माझ्या मते नाशिकमधल्या आजच्या वाचनगटांचं मूळ त्या समासांत आहे. मोठमोठ्या संस्था त्याचं श्रेय घेतात, पण त्या तिघांना कुणी बोलावलेलं नव्हतं.

केबल आली, मग मोबाइल आला आणि त्या लायब्रऱ्या एकेक करून मिटल्या. 2009 च्या सुमारास शहरातल्याच एका प्रतिष्ठानच्या आश्रयाने पुस्तकांच्या पेट्या घरोघरी, सोसायट्यांत, कार्यालयांत फिरायला लागल्या. लायब्ररीपर्यंत माणूस येत नाही तर लायब्ररीच माणसाकडे न्यायची, असा साधा हिशोब. एक पेटी एका गटाकडे काही महिने राहायची आणि मग दुसऱ्या गटाशी अदलाबदल व्हायची. नाशिकची ही पेटी पुढे राज्याबाहेर आणि परदेशातही गेली. त्यावर पुष्कळ लिहून झालंय. माझ्या कामाचा मुद्दा एवढाच की पेटीमुळे वीस-पंचवीस घरं एकाच वेळी तीच ती पुस्तकं वाचू लागली आणि लिफ्टमध्ये, भाजीच्या गाडीपाशी त्यांच्यावर बोलणं निघू लागलं. काही बायकांनी चालत्या भिशीची पुस्तकभिशी केली. चिठ्ठी जिची निघेल तिने त्या पैशांतून पुस्तकं घ्यायची, वाचायची मात्र सगळ्यांनी.

आमचा गट अशाच एका पेटीभोवती जमला. 2020 च्या टाळेबंदीत पेटी एका घरात अडकून पडली. तेव्हा आमच्यातल्या एका निवृत्त शिक्षकांनी रोज रात्री एक प्रकरण मोबाइलवर वाचून त्याचा आवाज ग्रुपवर टाकायला सुरुवात केली. पुस्तक एक, कान पन्नास. एका काकूंनी तेव्हा लिहिलं होतं, "सर, आज पोथी लावली नाही का?"

डिसेंबर 2021 मध्ये साहित्य संमेलन नाशिकला झालं. करोनामुळे ते आधी पुढे ढकललं गेलं होतं. अध्यक्ष विज्ञानकथा लिहिणारे खगोलशास्त्रज्ञ, पण प्रकृतीमुळे ते येऊ शकले नाहीत. आडगावच्या त्या मांडवांतून पिशव्या भरभरून पुस्तकं घरी आली आणि घेतलेलं सगळं वाचायचं कधी, या चिंतेतून गटाला शिस्त लावायचं ठरलं. वाद इथूनच सुरू होतो.

ठराव असा झाला: एक महिना 'अभिजात', एक महिना 'समकालीन'. भाषांतरं चालतील का, हा प्रश्न पाच मिनिटांत सुटला. चालतील. पण अभिजात म्हणजे कुठवरचं? कुणी म्हणालं, कॉपीराइट संपलेलं ते अभिजात. हे सोयीचं होतं, कारण अशी पुस्तकं स्वस्त मिळतात आणि बारा जणांना बारा प्रती मिळतात. नव्या कादंबरीची आवृत्ती छोटी, किंमत चारशेच्या पुढे आणि वर्षभराने विचारलं तर दुकानदार मान हलवतो. पण या हिशोबाने 1959 ची 'ययाति'देखील बाहेर राहत होती, कारण तिचे लेखक 1976 मध्ये गेले. ते कुणालाच पटेना. शेवटी सरांनी तोडगा काढला: 1960 ची रेघ. 1960 पर्यंत प्रथम प्रसिद्ध झालेलं ते अभिजात, त्यानंतरचं समकालीन. 1960 का, तर राज्य त्या वर्षी झालं, लक्षात ठेवायला सोपं. वाङ्मयाशी त्याचा काडीचाही संबंध नाही हे तेव्हा सगळ्यांना कळत होतं, पण साडेनऊ वाजले होते आणि चहा निवत होता. हात वर झाले. माझाही.

ही रेघ वर्षभर टिकली. मग यादीत 1963 ची दोन पुस्तकं आली. 'कोसला' समकालीन? तिच्या नायकाच्या वयाची मुलं आता आजोबा झालीत. तरी तिथे हशा झाला आणि विषय संपला. दुसरं पुस्तक होतं 'जेव्हा मी जात चोरली होती'. हा कथासंग्रह नाशिकच्याच माणसाचा, दलित लेखक बाबूराव बागुलांचा, जन्म विहितगावचा. 'श्यामची आई' ज्या तुरुंगात लिहिली गेली तो तुरुंगही त्याच बाजूला, नाशिकरोडला. एका अंगाचं पुस्तक अभिजात आणि दुसऱ्या अंगाचं केवळ तीन वर्षांनी हुकलं म्हणून समकालीन, हे काहींना झोंबलं.

त्यावर दोन तट पडतील असं वाटलं होतं, पडले तीन. सर म्हणाले, नियम तो नियम, पुस्तक वाचायचंच आहे, कुठल्या महिन्यात हे गौण आहे. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, साठ वर्षं लोक ज्याच्याशी झगडतायत त्या पुस्तकाला अभिजात म्हणत नसाल तर तो अपमान आहे, रेघ पुढे सरकवा. तिसरा तट अंबड एमआयडीसीत नोकरी करणाऱ्या एका मुलीचा, एकटीचाच. ती शब्दकोश घेऊनच आली होती.

"सर, अभिजात म्हणजे काय हो?"

"श्रेष्ठ. काळावर टिकलेलं."

"ते नंतरचं झालं. आधीचा अर्थ कुलीन. चांगल्या कुळात जन्मलेला." तिने पान उघडून सगळ्यांपुढे धरलं. "शब्दातच जात आहे सर. हे पुस्तक त्या यादीत नाही म्हणून तुम्ही भांडताय. मला ते त्या यादीत नकोय."

थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग सगळे एकदम बोलायला लागले.

मला तिचं बरोबर वाटतं, हे लपवत नाही. शब्द आपलं कूळ विसरतात, असं सर म्हणाले आणि तेही खोटं नाही. रोजच्या बोलण्यात अभिजात म्हटल्यावर कुळाची आठवण कुणाला होते? कुणी 'क्लासिक' म्हणू या असं सुचवलं. पण त्याचंही मूळ लॅटिनमध्ये रोमच्या सर्वांत वरच्या, धनिक वर्गाशी जाऊन भिडतं. म्हणजे सुटका तिथेही नाही. शिवाय आपल्याकडे हा शब्द एकटा फिरत नाही. अभिजात संगीत म्हटलं की शास्त्रीय, म्हणजे शास्त्राने बांधलेलं. त्यात 3 ऑक्टोबर 2024 ला केंद्राने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला आणि चौकाचौकांत फलक लागले. तिथल्या अभिजातचा निकष प्राचीनता, दीड-दोन हजार वर्षांचा पुरावा. त्यानंतर आमच्याकडे आलेल्या एका नव्या सभासदाने पहिल्याच दिवशी विचारलं, मग आपण गाथासप्तशती कधी घेणार? त्यांना समजावलं की ती पद्यं आहेत, आपण कथा-कादंबऱ्या वाचतो. ते म्हणाले, "पण अभिजात तर तीच ना!" त्यांच्या बाजूने चूक काहीच नव्हती. एका शब्दाच्या खुर्चीवर आम्ही चौघांना बसवलं होतं.

बाहेर ऐकू येतं तसं कुणी गट सोडून गेलं नाही. दोन महिने बैठक झाली नाही, एवढं खरं. मधल्या काळात फोनाफोनी भरपूर झाली. मग दिवाळी अंक आले. त्यांतल्या कथा नव्याच असतात, त्यामुळे वादाला जागा नव्हती. त्यांवरच दोन बैठका काढल्या आणि माणसं पुन्हा एका सतरंजीवर आली.

सध्याची स्थिती अशी. 1960 ची रेघ रद्द झाली. पेटीच्या झाकणाला आतून जो कागद चिकटवलेला असतो त्यावर आता 'जुनी' आणि 'नवी' असे दोन रकाने आहेत. कुठलं पुस्तक कुठे जाईल ते सुचवणारा ठरवतो. हे ढिलं आहे, सरांना अजून मान्य नाही, आणि प्रत्येक बैठकीत ते एकदा तरी तसं म्हणतातच. 1963 चा तो कथासंग्रह त्या मुलीनेच यादीत लिहिला, नेमका दोन रकान्यांमधल्या रेघेवर. प्रती दोनच मिळाल्यात, त्यातल्या एकीचं मुखपृष्ठ फाटलंय. बारा घरांत फिरायला दीड महिना लागेल, म्हणून चर्चा पुढच्या महिन्याऐवजी त्याच्या नंतरच्या महिन्यात ठेवली आहे.