ग्रह म्हणजे सूर्याचे तुटलेले तुकडे नव्हेत

"सूर्याचा तुकडा तुटला, थंड झाला आणि पृथ्वी झाली." हे वाक्य फॉरवर्डमधून वर्षानुवर्षं फिरतंय. ते खरं वाटणं साहजिक आहे. एके काळी शास्त्रज्ञही जवळपास हेच मानत.

पण सूर्यातून उसळलेला वायू इतका तापलेला असेल की त्याचा गोळा होण्याआधीच तो पांगेल. शिवाय जड हायड्रोजन, म्हणजे ड्यूटेरियम, सूर्याने कोवळ्या वयातच जाळून संपवला. गुरूवर तो आजही आहे. गुरू सूर्यातून निघाला असता, तर हा आला कुठून?

घडलं ते असं: सुमारे ४५६ कोटी वर्षांपूर्वी नव्या सूर्याभोवती वायू आणि धुळीची चपटी तबकडी फिरत होती. धूळ चिकटून खडे झाले, खड्यांचे डोंगराएवढे गोळे, गोळ्यांचे ग्रह. २०१४ मध्ये एचएल टॉरी या तरुण ताऱ्याभोवतीची अशीच तबकडी, आतल्या गडद कड्यांसकट, दुर्बिणींनी टिपली. ते चित्र जरूर शोधून पाहा.

पडताळा गिरगाव चौपाटीवरही घेता येतो. पावसाळा सरल्यावर एखाद्या संध्याकाळी सूर्य बुडाला ती जागा, चंद्र आणि दिसतील ते ग्रह बोटाने जोडत जा. सगळे साधारण एकाच कमानीवर येतात, कारण ग्रह त्या एकाच चपट्या तबकडीत घडले. ग्रह ओळखायचा कसा? तो ताऱ्यासारखा लुकलुकत नाही, स्थिर चमकतो.