मनमाड–इंदूर रेल्वेची पार्श्वभूमी: होळकरांच्या एका कोटीपासून

सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मनमाड–इंदूर या ३०९ किलोमीटरच्या नव्या रेल्वेमार्गाला मंजुरी दिली. खर्च १८,०३६ कोटी, स्टेशनं ३०, मुदत २०२८-२९. इंदूरच्या मराठी घरांत ही मागणी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली. रेल्वेने मुंबईला जायचं तर रतलाम-वडोदरा असा फेरा पडतो, म्हणून पुण्या-नाशिककडे जाणारे बरेचजण रात्रीची ट्रॅव्हल्स पकडतात आणि सेंधवा, बिजासन घाट, धुळे असं हादरत जातात. सणासुदीला तिकिटाचे भाव विचारू नयेत.

इंदूरला रेल्वे आली तीच मुळी होळकर संस्थानाच्या तिजोरीतून. १८७० मध्ये मुंबई–कोलकाता मार्ग जबलपूरमार्गे पूर्ण झाला. खांडवा त्याच मार्गावर. इंदूर तिथून फार लांब नाही, पण मध्ये नर्मदा आणि विंध्याचा चढ. माळव्याची अफू आणि कापूस बैलगाड्यांवर. इंदूरचे महाराज दुसरे तुकोजीराव होळकर यांनी खांडवा–इंदूर मार्गासाठी ब्रिटिश सरकारला एक कोटी रुपये कर्जाऊ दिले: व्याज साडेचार टक्के, मुदत १०१ वर्षं! दानधर्म नव्हता हा; माल हलला की जकात आणि बाजार दोन्ही वाढणार, हे महाराजांना नीट कळत होतं. त्या काळी विलायती रेल्वे कंपन्यांना सरकार पाच टक्के परताव्याची हमी देई आणि तूट पडली तर ती इथल्या रयतेच्या करातून भरली जाई. त्यापुढे होळकरांचा पैसा स्वस्तच म्हणायचा. उलट, रुळांखालच्या जमिनीवरचा अंमल संस्थानांना इंग्रजांकडे सोपवावा लागे, हा त्या व्यवहाराचा कडू भाग.

१८७० च्या दशकातच नर्मदेवर पूल झाला, घाट फोडला गेला आणि मीटरगेज गाडी इंदूरला पोचली. पहिलं इंजिन हत्तींकडून ओढून आणलं, असं इथे अजून सांगतात. कालाकुंड ते पाताळपाणी हा चढ इतका खडा की गाडीला मागून ढकलायला दुसरं इंजिन लावावं लागे. ते जोडेपर्यंत कालाकुंडच्या फलाटावर पळसाच्या पानात कलाकंद मिळे. तो खाल्ल्याशिवाय प्रवास झाला असं कुणी मानत नसे. २०१८ पासून याच टप्प्यावर पर्यटकांसाठी हेरिटेज गाडी सुरू झाली.

स्वातंत्र्यानंतर पैशाचा प्रश्न दिल्लीच्या हाती गेला आणि हिशेब बदलला. नव्या मार्गावर वाहतूक किती, परतावा किती, हे आधी विचारलं जाऊ लागलं. मनमाड–इंदूर मार्गावरच्या बडवानीसारख्या जिल्ह्यात रेल्वेच नाही, तिथे रेल्वेची वाहतूक आधीच कुठून दाखवायची? होळकरांना हा प्रश्न पडला असता तर इंदूर कापडगिरण्यांचं शहर झालं असतं का, याची मला शंका आहे.

मंजुरी म्हणजे गाडी नव्हे, हेही इंदूरकरांना ठाऊक आहे. इंदूर–दाहोद मार्गाचं भूमिपूजन २००८ मध्ये झालं. पुढे वर्षामागून वर्षं गेली, सरकारं बदलली, काम मात्र तुकड्यातुकड्यानेच सरकलं. मनमाड मार्गाचं तसं होऊ द्यायचं नसेल, तर दर अर्थसंकल्पात त्याच्या नावापुढे भरीव रक्कम दिसली पाहिजे आणि भूसंपादनाचा मोबदला शेतकऱ्याला वेळेवर मिळाला पाहिजे. धुळे, बडवानी आणि इंदूरच्या खासदारांनी, पक्ष कुठलाही असो, त्यासाठी एकत्र पाठपुरावा करायला हवा.