मिलची जागा (सोलापूर)

सोलापुरात मिलची जागा म्हणजे बंद पडलेल्या कापड गिरण्यांची आवारं आणि भोवतीच्या चाळी, जिथं आता अपार्टमेंट, दवाखाने, मंगल कार्यालयं झालीत. मिल गेली पण पत्ता काय गेला नाही, रिक्षावाल्याला अजून जुनी मिल नाहीतर एनजी मिल सांगितलं की बरोबर नेऊन सोडतो.

पहिली गिरणी १८७७ ची, मुरारजी गोकुळदासांची. तीच जुनी मिल, आणि मुरारजी पेठ हे नावपण त्यांच्यावरूनच. मागनं नरसिंग गिरजी (म्हणजे एनजी), लक्ष्मी, विष्णू, जाम अशा मिल आल्या आणि गाव भोंग्यावर चालायला लागलं, पाळी भोंग्यावर, डबा भोंग्यावर, घड्याळं लावायची तीपण भोंग्यावर. इंग्रजांनी गुन्हेगार जमाती म्हणून शिक्का मारून तारेच्या कुंपणात ठेवलेली माणसंसुद्धा मिलच्या कामाला जायची. ती वस्ती म्हणजे आजचं सेटलमेंट. कुंपण गेलं, नाव तेवढं चिकटून राहिलं.

गिरण्या बंद म्हटलं की सगळ्यांना मुंबईचा १९८२ चा संप आठवतो, पण आमची जुनी मिल त्याच्या बऱ्याच आधी गेली. बाकीच्या नंतर एकेक करून. मिलच्या चिमण्यापण गेल्या, आता सोलापुरात चिमणी पाडली म्हटलं तर लोकांना विमानतळासाठी १५ जून २०२३ ला पाडलेली सिद्धेश्वर साखर कारखान्याचीच आठवते.

परळला मिलच्या जागेवर ऑफिसं आली, मॉल आले. इथं तसं झालं नाही, जुन्या मिल कंपाऊंडात आली ती जास्त करून घरं. काम तिथं परत आलंच नाही, ते पूर्व भागात यंत्रमागावर आणि अक्कलकोट रोड, चिंचोळीच्या एमआयडीसीत. साखर पेठ, अशोक चौकाकडं गेलात तर घराखालीच कारखाना, मागांचा खडखडाट, त्यात तेलुगू बोलणं, आणि चादरी-टॉवेलचे गठ्ठे रस्त्यापर्यंत आलेले. आधुनिक वस्ती म्हणायला सोसायटीचं गेटच लागतं असं कुणी ठरवलं कोण जाणे. विडी-यंत्रमाग कामगारांची घरं मात्र गावाबाहेर कुंभारीला, तिथल्या ३०,००० घरांच्या रे नगरातल्या १५,००० चं वाटप १९ जानेवारी २०२४ ला झालं.

मिलच्या जागेवरच्या फ्लॅटात बऱ्याच ठिकाणी आई-वडील दोघंच असतात. पोरं पुण्याला आयटीत, शनिवारी रात्री हुतात्मा एक्सप्रेसनं येतात.